कीड कोणाला म्हणायचं? चांदा-गडचिरोलीतल्या तीन पतंगांचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस कीटकांवर व्याख्यान देणार म्हटल्यावर संयोजकांनी मला दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचं काही चुकलं नाही. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. पण मला एका प्रश्नाने बरीच वर्षं पछाडलेलं आहे, आणि तो प्रश्न मला कुठल्या ग्रंथात सापडला नाही, तर वरोरा तालुक्यातल्या एका सोयाबीनच्या वावरात सापडला.

२००८ सालचा श्रावण. माझ्या मावसभावाच्या शेतावर गेलो होतो. गुडघ्याच्या वर आलेलं सोयाबीन, आणि पानांची अक्षरशः चाळण झालेली. काही ओळींत तर नुसते देठ उभे. दिवसा बघायला गेलं तर अळ्या फारशा दिसत नव्हत्या. त्याने बुडाशी माती उकरून दाखवली, तर तिथे गोळा होऊन बसलेल्या. हातात दुकानदाराने दिलेली चिठ्ठी होती. तिच्यावर औषधाचं नाव आणि अळीचं नाव लिहिलेलं: ‘तंबाखूवरील पाने खाणारी अळी’. माझा भाऊ मला म्हणाला, “दादा, आमच्या सात पिढ्यांत कोणी तंबाखू पेरली नाही. मंग हे अळी आमच्या वावरात कायले आली?”

मी हसलो. पण परत येताना गाडीत माझ्या लक्षात आलं, की प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जी अळी सोयाबीन खाते आहे तिला आपण तंबाखूची का म्हणतो? आणि मुळात तिला कीड म्हणतो ते कशाच्या आधारावर? आज या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासातून शोधायचा प्रयत्न करणार आहे. भूगोल आपलाच: जुना चांदा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख एकच होता. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा इकडे काळी माती, कापूस आणि सोयाबीन. पूर्वेला झाडीपट्टी, मालगुजारी तलाव आणि धान. आणि त्याच्याही पलीकडे अहेरी, आलापल्ली, सिरोंचाचं सागाचं रान. या तीन पट्ट्यांत तीन पतंग आहेत. एकाला आपण कीड म्हणतो, एकाला कीड म्हणावं की नाही याबद्दल वाद घालता येईल, आणि तिसऱ्याला आपण चक्क धन म्हणतो. तिघेही करतात एकच काम. पानं खातात.

नाव आधी की तंबाखू आधी?

पहिला पतंग हा चिठ्ठीतला. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा लिटुरा. फाब्रिसियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने, हा लिनियसचा शिष्य, १७७५ साली या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि ते भारतातून गेलेल्या नमुन्यावरून. ‘लिटुरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ डाग, शाईचा फराटा. पंखावरच्या नक्षीला ते नाव शोभतं. म्हणजे बघा, शास्त्राने ठेवलेल्या नावात तंबाखूचा मागमूस नाही. तंबाखू आली ती बोलीतल्या नावात, शेतकी खात्याच्या पुस्तकांतून.

आता तंबाखूचा इतिहास पाहा. हे झाड अमेरिकेतलं. पोर्तुगिजांबरोबर ते सोळाव्या शतकात दख्खनमध्ये आलं. असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापूरला गेला होता. तिथून त्याने १६०४ च्या सुमारास बादशहासाठी तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नेली, याची हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. बंदीचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

म्हणजे हिशेब असा झाला. तंबाखू या देशात आली त्याला चारशे-साडेचारशे वर्षं झाली. हा पतंग त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आणि आशियाच्या मोठ्या भागात नांदत होता. तो एरंड खात होता, अळू खात होता, शेकडो इतर झाडं खात होता. तंबाखू आली तेव्हा तो तिच्यावरही बसला. तंबाखू पैशाचं पीक होतं, तिच्या पानालाच किंमत होती, त्यामुळे पानाला पडलेलं प्रत्येक भोक म्हणजे बुडालेला पैसा. म्हणून तिथे त्याची पहिल्यांदा ठळक नोंद झाली आणि नाव चिकटलं. आपण म्हणतो ‘तंबाखूची अळी’. खरं तर म्हणायला हवं, ‘जिच्यामुळे तंबाखूवाल्याचं नुकसान झालं ती अळी’. नाव अळीचं सांगत नाही, नाव मालकाचं सांगतं.

आणखी एक गंमत सांगतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ही अळी प्रोडेनिया या नावाने येते, आणि कित्येकदा तिची आणि इजिप्तच्या कापसावरच्या तिच्या चुलतभावंडाची सरमिसळ झालेली दिसते. हे दोन वेगळे पतंग आहेत हे नीट ठरलं ते १९६० च्या दशकात. म्हणजे जवळपास दोनशे वर्षं आपण ज्याच्याशी लढत होतो तो नक्की कोण, हेच पुरतं स्पष्ट नव्हतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी मुलांना ‘तादात्म्य’ शिकवायचो तेव्हा हे उदाहरण मला माहीत असतं तर बरं झालं असतं.

नक्षत्रांचं पंचांग आणि अळीचं पंचांग

आता ऋतूंकडे येऊ. आपला शेतकरी पावसाळा महिन्यांनी मोजत नाही, नक्षत्रांनी मोजतो. रोहिणी, मृग, आर्द्रा इथून ते हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत. पतंगांनाही असंच एक पंचांग आहे, फक्त ते त्यांच्या अंगातच लिहिलेलं असतं.

स्पोडोप्टेराची मादी रात्री पानाच्या खालच्या बाजूला शेकड्यांनी अंडी घालते आणि आपल्याच पोटावरच्या केसांनी ती झाकते. दुरून पाहिलं तर पानाला भुरकट लोकरीचा तुकडा चिकटल्यासारखं दिसतं. अळ्या निघाल्या की पहिले काही दिवस त्या एकाच पानावर झुंडीने राहतात, हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार, पांढुरकं होतं. मग मोठ्या होऊन पांगतात, दिवसा मातीत दडतात आणि रात्री खातात. शेवटी मातीतच कोषात जातात. ऊब आणि ओल असेल तर साधारण महिन्याभरात एक पिढी पुरी होते. थंडीत हेच चक्र लांबतं. या पतंगाला खरी झोप नाही. काही कीटक महिनोन्महिने कोषात गप्प पडून राहतात, तसं हा करत नाही. त्यामुळे त्याला बारा महिने काहीतरी हिरवं लागतं.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो धरून ठेवा. बारा महिने हिरवं मिळालं नाही तर त्याची संख्या आपोआप आटते. आपल्याकडचा उन्हाळा हे काम पूर्वी चोख करत असे. चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो हे मी चंद्रपूरकरांना सांगायला नको.

तंबाखूच्या मुलुखात याचं वेळापत्रक कसं आहे? आंध्रात गोदावरीच्या पात्रातल्या बेटांवर, ज्यांना लंका म्हणतात, पूर ओसरल्यावर गाळात तंबाखू लावतात. हीच गोदावरी आपल्या सिरोंच्याला वळसा घालून पुढे तिकडे जाते. त्याआधी पावसाळ्यात रोपवाटिका टाकलेल्या असतात. ही अळी तिथे मुख्यतः रोपवाटिकेत येते, कोवळ्या रोपांवर. पुढे हिवाळ्यात झाड फुलावर आलं की दुसऱ्या पतंगाची पाळी, हेलिकोव्हर्पाची, ज्याला आपण हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतो. आणि पान वाळवून गोदामात ठेवलं की तिसरा खाणारा त्यात येतो, तो पतंग नव्हे, अगदी छोटा भुंगेरा. एकच पीक, पण ऋतू बदलला की खाणारा बदलतो. राजमहेंद्रीला १९४७ साली तंबाखू संशोधन संस्था निघाली. तिथल्या लोकांनी या वेळापत्रकाचाच उपयोग करून घेतला. रोपवाटिकेभोवती एरंड लावायचा, कारण मादीला अंडी घालायला एरंड जास्त आवडतो. ती तिथे उतरते, मग अंड्यांची पानं खुडून नष्ट करायची. साधी गोष्ट आहे, पण तिच्यात पतंगाची आवड समजून घेण्याचा शहाणपणा आहे.

आता आपल्या वरोऱ्याकडे परत या. सोयाबीन हे मूळ चीनकडचं पीक. विदर्भात त्याचा पसारा वाढला तो १९८० च्या दशकानंतर. ज्वारी मागे सरली, मिश्र पिकं मागे सरली. मृगात पाऊस पडला की लाखो हेक्टरांवर एकच पीक एकाच पंधरवड्यात पेरलं जाऊ लागलं. आश्लेषा-मघा नक्षत्रांत, म्हणजे ऑगस्टमध्ये, त्याची पानं एकमेकांत गुंतून खाली गार, दमट सावली तयार होते. रात्री खाणाऱ्या आणि दिवसा मातीत लपणाऱ्या अळीला आणखी काय हवं? आपण तिच्यासाठी सलग मांडव घातला आणि पंगत वाढली. सुरुवातीला उगाचच केलेल्या फवारण्यांनी तिला खाणारे मित्रकीटक आधी मरतात. ही अळी मात्र औषधांना दाद न देण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

२००८ च्या उद्रेकात विदर्भातल्या सोयाबीनचं नुकसान सुमारे १,३९२ कोटी रुपयांचं झालं, असा अंदाज कृषिशास्त्रज्ञांच्या लेखनात दिलेला आहे. त्यानंतर शासन जागं झालं हेही सांगितलं पाहिजे. २००९ पासून राज्याने कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प, ज्याला क्रॉपसॅप म्हणतात, सुरू केला. आधी सोयाबीन आणि कापूस, मग धान, तूर, हरभरा. ठरावीक शेतांत माणसं जाऊन अळ्या मोजतात, कामगंध सापळ्यातले पतंग मोजतात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. या प्रकल्पाबद्दल तक्रारी असतील. पण त्यातली कल्पना मला फार मोलाची वाटते. ती कल्पना अशी: अळी दिसली म्हणजे कीड झाली असं नाही. एका मर्यादेपलीकडे गेली तरच ती कीड. त्या रेषेला ते ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात. म्हणजे शास्त्र स्वतःच कबूल करतं, की कीड हा प्राण्याचा गुणधर्म नाही. तो संख्या, ऋतू आणि बाजारभाव यांच्यातला संबंध आहे. सोयाबीनचा भाव बदलला तर ती रेषा सरकते. अळी तीच, तितकीच. काल ती कीड नव्हती, आज आहे.

साग पुन्हा पालवतो

दुसरा पतंग आलापल्लीच्या रानातला. खरं तर दोन आहेत, जोडीने बोलतो. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. पहिल्या पावसाच्या सुमारास त्याला मोठी, कोवळी पानं फुटतात. त्याच वेळी एक पतंग येतो, हिब्लिया प्युएरा. त्याच्या अळ्या कोवळं पान मुख्य शिरा सोडून सगळं फस्त करतात. मोठा उद्रेक झाला तर काही दिवसांत डोंगरउतार पुन्हा उन्हाळ्यासारखा उघडा दिसतो. अशा वेळी झाडाखाली उभं राहिलं तर वरून अळ्यांची विष्ठा पडत असते, तिचा आवाज बारीक पावसासारखा येतो. पोट भरलं की त्या अळ्या रेशमी धाग्यावरून खाली उतरतात. हे ‘रेशमी’ मी मुद्दाम म्हणतोय, पुढे लागेल.

पाऊस सरत आला, उत्तरा-हस्ताच्या सुमारास, की दुसरा येतो. युटेक्टोना. हा पानाच्या शिरांची जाळी तशीच ठेवतो, मधला हिरवा भाग तेवढा खातो. गडचिरोलीच्या रस्त्याने ऑक्टोबरात जाताना सागाची तपकिरी, जाळीदार पानं तुम्ही पाहिली असतील. आपल्याला वाटतं पानगळ लवकर सुरू झाली. ती पानगळ नसते.

या दोघांना कीड कोणी ठरवलं? सागाचं जंगल जोपर्यंत जंगल होतं तोपर्यंत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. कारण पान खाल्लेला साग मरत नाही. तो पुन्हा पालवतो. १८६४ मध्ये इंग्रजांनी वनखातं काढलं, रानं राखीव झाली, सागाचा घनफुटांत हिशेब सुरू झाला. १९०६ मध्ये डेहराडूनची वन संशोधन संस्था निघाली. तिथे बीसन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने भारतातल्या वनकीटकांवरचा मोठा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या दोन पतंगांचा सविस्तर विचार आहे. आणि पुढे केरळात निलंबूरच्या लागवडीत के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की तरुण सागाच्या लागवडीत या पहिल्या पतंगामुळे लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी कमी होते.

४४ टक्के हा आकडा लहान नाही. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. हे मेलेल्या झाडांचं नुकसान नाही. जे लाकूड वाढू शकलं असतं आणि वाढलं नाही, त्याचं हे नुकसान आहे. म्हणजे न झालेल्या गोष्टीचा हिशेब. न्यायदर्शनात अभाव हा पदार्थ मानावा की नाही यावर शतकानुशतकं वाद झाले. वनखात्याने तो वाद एका झटक्यात मिटवला: अभाव हा पदार्थ आहे आणि त्याला घनमीटरमध्ये मोजता येतं! मी चेष्टा करत नाही. लागवडीच्या मालकाच्या बाजूने तो हिशेब बरोबर आहे. एवढंच म्हणतो, की ज्या माडिया माणसाला त्या सागातून घनमीटर मिळणार नव्हते, त्याच्या लेखी या पतंगाला कीड म्हणण्याचं काही कारण नव्हतं.

कोसा

आता तिसरा पतंग. या पतंगाची अळीही पानं खाते, आणि खादाडपणात ती कोणाला हार जाणारी नाही. ऐन आणि अर्जुन ही तिची झाडं. मोठी, हिरवीगार, बोटाएवढी अळी. हिलाच आपण टसरची अळी म्हणतो आणि तिच्या कोषाला कोसा. ‘कोसा’ हा शब्द कोशावरून आला. ‘टसर’चं मूळ संस्कृतातल्या तसर किंवा त्रसर या शब्दात आहे, म्हणजे विणकराचा धोटा. कौशेय वस्त्र म्हणजे कोशातून झालेलं वस्त्र. एका नावात अळीचं घर, दुसऱ्या नावात विणकराचं अवजार.

महाराष्ट्रात टसर होतं ते गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत. करणारे मुख्यतः ढिवर समाजाचे लोक. मालगुजारी तलावांतली मासेमारी आणि रानातला कोसा, अशी त्यांची दोन पायांवर उभी असलेली जीवनपद्धती. यातून जो धागा निघायचा त्याची करवतकाठी पातळं नागभीड, भंडारा भागात विणली जात.

याचं पंचांग बघा. हिवाळ्यात तयार झालेला कोष तसाच राहतो. आतला जीव सहा-सात महिने झोपून असतो. उन्हाळा तो झोपेत काढतो. मृगाचा पाऊस आला, हवेत ओल आली, की रात्री पतंग कोष फोडून बाहेर पडतात. मोठे पंख, त्यांवर काचेसारखे पारदर्शक डोळे. या पतंगाला खायला तोंडच नाही म्हटलं तरी चालेल. जेमतेम आठवडाभर जगतो, जोडी जमवतो, मादी अंडी घालते आणि संपतं. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात. अळ्या झाडावर सोडल्या की पहिलं पीक श्रावणात हाती येतं. त्यातल्या पतंगांपासून दुसरं पीक दिवाळीच्या पुढेमागे, आणि धंद्याच्या दृष्टीने हेच मोठं. काही ठिकाणी तिसरं पीकही होतं.

मधला काळ पाळणाऱ्याने काय करायचं? राखण. पहाटेपासून झाडाखाली बसायचं. पाखरं हाकायची, मुंग्या, गांधीलमाश्या, ढेकणासारखे किडे वेचायचे. एका झाडाची पानं संपली की अळ्यांसकट फांद्या कापून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. या दिवसांत सोवळं पाळतात, खाण्यापिण्याचे, घरात वावरण्याचे नियम पाळतात. शहरी माणूस याला अंधश्रद्धा म्हणेल. पण ज्या रोगाने या अळ्या मरतात, पेब्रिन, त्याचा शोध घेण्यासाठी पाश्चरसारख्या माणसाला १८६५ पासून पाच वर्षं फ्रान्सच्या रेशमाच्या गावांत घालवावी लागली. त्याने काढलेली रीत आजही आपल्याकडे वापरतात: अंडी घालून झालेली प्रत्येक मादी चुरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, रोग दिसला तर तिचे अंडीपुंज टाकून द्यायचे. स्वच्छता हा या धंद्याचा प्राण आहे हे दोघांनाही कळलं होतं. एकाने त्याला सोवळं म्हटलं, दुसऱ्याने जंतू.

आता इथे एक प्रश्न. झाडाचं पान खाणारी अळी ऐनावर बसली तर धन आणि सागावर बसली तर कीड, असं का? ऐनाला काही वाटत नसेल का? ऐन आणि साग दोघेही सारखेच ओरबाडले जातात. फरक झाडात नाही. सागाचं लाकूड आपल्याला हवं, ऐनावरची अळी आपल्याला हवी. आणि हवी म्हणजे तरी काय? कोष उकळताना आतला जीव मरतो. धन म्हटल्याने त्याला जीवदान मिळत नाही. कीड म्हटलं काय आणि धन म्हटलं काय, मरण चुकत नाही. फरक एवढाच, की कोशाचं धन करणारा माणूस त्या अळीचं पंचांग पाठ करतो, तिच्या झाडाला जपतो. कीड म्हणणारा फक्त फवारणीची तारीख पाठ करतो.

कायदा काय म्हणतो

हा प्रश्न नुसता शब्दांचा आहे असं कुणाला वाटत असेल तर कायदा उघडून बघा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाची व्याख्या आहे. त्यात रेशीम आणि कोष हे कातडी, सुळे, शिंगं, हाडं, मध, मेण यांच्या रांगेत बसवलेत. म्हणजे प्राण्यांपासून मिळणारा माल, आणि तो रानातला म्हणून सरकारच्या ताब्यातला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर आणि कोष आहेत, पण व्याख्या म्हणते काय? ‘वनस्पतीजन्य’ वनोपज. बांबू, वेत, तेंदूपत्ता यांच्या यादीत टसर! मध आणि मेणही त्यातच. ऐंशी वर्षांत आपला पतंग प्राण्यांच्या रांगेतून उठून झाडांच्या रांगेत जाऊन बसला.

प्राणिशास्त्राच्या परीक्षेत कोणी असं लिहिलं तर नापास होईल. पण मला ही चूक आवडते. कारण तिच्यामुळे कोशावरचा हक्क गावाकडे आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, हे आपल्या जिल्ह्याचं देशभर गाजलेलं उदाहरण आहे.

पण एक गाठ राहिली. वनहक्क कायद्यात आदिवासींना एक कसोटी आहे आणि इतरांना दुसरी. ढिवर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत. ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात, आणि अशांनी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, आपण या रानावर जगत आलो हे दाखवायचं असतं. आता सांगा, ऐनाच्या झाडाखाली गोफण घेऊन बसलेल्या माणसाने कागद कुठला आणायचा? त्याच्या समोरच्या झाडावर वर्षभरात पतंगाच्या दोन-तीन पिढ्या होतात, त्याने त्या मोजलेल्या आहेत, पिढ्यान् पिढ्या. पण त्या मोजणीला पुरावा म्हणत नाहीत. कागदपत्र मागणाऱ्याच्या हाती असलेली सत्ता आणि ‘कीड’ हा शब्द ठरवणाऱ्याच्या हाती असलेली सत्ता मला एकाच जातीची वाटते.

आणि शेवटचा धागा जोडतो. धानाच्या बांधावर अर्जुन उभा असतो. धानावर खोडकिडा आला, किंवा लोंबी पक्व होताना लष्करी अळी आली, तर शेतकरी फवारणार. त्याचाही नाइलाज आहे, त्याची लोंबी तुटून मातीत पडते आहे. पण वारा बांध ओळखत नाही. अर्जुनावरची अळीही पतंगाचीच. औषधाला कीड आणि धन यातला फरक कळत नाही. तो फरक आपण केलेला आहे, आपणच सांभाळायचा आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तिथे तर औषधाला अळी आणि माणूस यातलाही फरक कळला नाही.

माझ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला नंतर दिलं. म्हटलं, ती अळी तंबाखूची नव्हती, तुझ्याच मातीतली होती. पाहुणं आलं होतं ते तंबाखू, आणि पाहुणं आलं ते सोयाबीन. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे घरच्यालेच आपण चोर म्हटलं.” यापेक्षा नेमकं मला तीन तासांच्या वर्गातही सांगता आलं नसतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न: मग सर, शेतकऱ्याने फवारणी करूच नये असं तुमचं म्हणणं आहे का?*

नाही, नाही. ज्याचं वावर जातंय त्याला मी इथे पंख्याखाली बसून उपदेश करणार नाही. म्हणणं एवढंच, की आधी बघा. अंड्यांचे पुंजके असलेली, जाळीदार झालेली पानं सुरुवातीलाच खुडली तर शेकडो अळ्या एका हाताने जातात. कडेने एरंड लावा, कामगंध सापळे लावा, तिच्या विषाणूचं औषध मिळतं ते बघा. आणि मर्यादा ओलांडली तरच फवारा, अंगभर कपडे घालून, तोंड बांधून. बघणं हे फवारण्यापेक्षा जड काम आहे, कारण ते रोज करावं लागतं. कोसा पाळणारा तेच करतो.

*प्रश्न: आपल्या जिल्ह्यात तंबाखू पिकत नाही म्हणालात, पण खाणारे किती आहेत!*

हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. तंबाखू आपल्याकडे शेतात नाही, खर्ऱ्यात आहे. आणि बिडीचं पान आपल्याच रानातला तेंदू पुरवतो, दरवर्षी वैशाखाच्या उन्हात तोडलेला. डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च संस्था १९८६ पासून गडचिरोलीत आहे. २०१६ पासून दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी मुक्तिपथ अभियान चालू आहे. एक गोष्ट सांगून थांबतो. तंबाखूचं झाड निकोटिन का तयार करतं? पान खाणाऱ्या किड्यांना दूर ठेवण्यासाठी. ते इतकं जहाल आहे, की एके काळी निकोटिनचा अर्क कीटकनाशक म्हणून फवारत. झाडाने अळीसाठी केलेलं विष आपण सुपारीत घोटून गालात धरतो. अळीला निदान ते पान खाल्ल्याशिवाय जगायला दुसरं काही मिळालं नसेल. आपल्याला काय कमी होतं?